पंचकल्याणी

रात्री साडेअकराला, दोंडाईच्यात,
पथारींवरच्या मिरचीचा ठसका घरात येतो म्हणून
खिडकी लावून बसले होते.
रिमोटचं एक बटण अडकतं,
चॅनल आपोआप पुढं सरकत गेलं
आणि तो दिसला.

तोच. डोळे बारीक केलेले,
उन्हानं की संशयानं, हे कधीच कळू न देणारे.
हॅटची पुढची कड जराशी खाली.
माझ्या तोंडून निघालं, "बापू."

कारण हा माणूस माझ्या वडिलांच्या आवाजात बोलायचा.

सारंगखेड्याच्या जत्रेत, तापीकाठी,
तंबूच्या मधोमध दोरी,
बाया डावीकडं, बाप्ये उजवीकडं,
आणि मशीनशेजारी स्टुलावर
हिलाल गजमल भामरे, हातात माइक.
इंग्रजी सातवीपुरतं.
इंग्रजी पिक्चर अहिराणीत समजावून सांगायचे
रोजचे सहा रुपये, चहा वेगळा.

पिस्तूल निघायच्या आधीच सांगून टाकायचे,
"आते दखा, मजा येई."
शेरीफला ते फौजदार म्हणत,
बँकेला सोसायटी,
आणि दारू पाजणारी ती पिवळ्या केसांची बाई,
लोकांनी शिट्ट्या मारू नयेत म्हणून,
त्याची मावसबहीण.

घोडा आला की माइक अगदी ओठांना:
"हाऊ घोडा आपला सारंगखेडाना शे. पंचकल्याणी!"
विकला गेला तेव्हा आपण स्वतः हजर होतो म्हणे.
तंबू टाळ्यांनी फुगायचा.
बाहेर बाजाराचे खरे घोडे बांधलेले,
तेही खिंकाळायचे.

आता टीव्हीवर त्याचा स्वतःचा आवाज.
पातळ, नाकातला, कसली घाई नसलेला.
खाली अक्षरं येतात.
तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, तेवढ्या इंग्रजीवर वाचते,
माझी ओळ संपायच्या आत त्याची ओळ जाते.
तरी कळलं ते एवढं:
ती मावसबहीण नव्हती.
म्हातारा फौजदार त्याचा मामा नव्हता,
त्याच्या बापाचा मारेकरी होता.
आणि नदीकाठच्या निरोपाला,
जिथं बापू आवाज खाली आणून म्हणायचे,
"येसू मी. भाकर झाकी ठेव,"
आणि दोरीच्या डावीकडं पदर डोळ्यांना लागायचे,
तिथं तो काहीच बोलत नाही.
हॅट काढतो. आतला घाम पुसतो. घालतो.

मग ते वाक्य कुठलं?

वर्षातले आठ महिने तंबूमागं फिरणारा माणूस.
शिरपूर, तळोदा, साक्री, कुठंकुठं.
आई रोज एक भाकर जास्तीची थापायची, झाकून ठेवायची,
सकाळी ती तेलतिखट लावून मी शाळेत न्यायचे.
मला कुणी सांगितलं नाही,
तिलाही नाही,
की निरोप रोज रात्री निघत होता,
नऊच्या खेळाला, दोनशे माणसांदेखत,
चुकीच्या पत्त्यावर.

तंबूत सिनेमा कधी पुरता संपला नाही.
शहाद्याची शेवटची गाडी सुटायची,
नदी आली की दिवे लागायचे,
लोक चपला शोधायला लागायचे.
आज दिवे लागले नाहीत.
घोडा पाण्यात शिरला, पोटापर्यंत बुडाला,
पलीकडच्या काठाला चढला,
तीन तासांचा चिखल धुऊन.
मी उठून पडद्याला नाक लावलं, चष्मा कुठं ठेवला कोण जाणे.
कपाळावर पट्टा, तो होताच.
पुढचे दोन पांढरे.
मागचा डावा पांढरा.
उजवा गवतात.
निघ रे, निघ बाबा.

निघाला.
खुरापासून गुडघ्यापर्यंत पांढरा.

घोड्याचं तेवढं खरं सांगायचे बापू.